रिमार्क्सचा कॉलम

"अगं, आता डिलीट कसं करू? गेलं ना ते!" संजयने खुर्ची गर्रकन फिरवली. "कालच क्लायंटला फाइल पाठवली मी."

"पण डेडलाइन शुक्रवारची होती!"

"दोन दिवस आधी दिलं की क्लायंट खूश. त्यावर तुझंही नाव होतं, यार."

सावनीने खुर्ची पुढे ओढून त्याच्या स्क्रीनवर पाहिलं; फाइल खरंच गेली होती. अमेरिकेतल्या हर्नडनमधली ही लष्कराला नकाशे पुरवणारी कंपनी, संजय तिचा लीड, दोघंही पुण्याचे. साल दोन हजार सात. इराकच्या उत्तरेला एक उघडाबोडका डोंगर, त्याच्या भोवती कुर्दांची अकरा इवलीशी गावं. त्यांची खरी नावं नकाशावर घालायचं काम हिचं. नावं सांगणार कोण? तर तिच्याच बिल्डिंगमधले हमीदकाका! त्याच डोंगराखालच्या कानीसार गावचे. दर शनिवारी ते नकाशावर बोट ठेवायचे, ही लिहायची. गेल्या शनिवारी बोलता बोलता म्हणाले, विमानं आली की अख्खं गाव झऱ्यामागच्या गुहेत शिरतं. आणि लगेच, "हे लिहू नकोस हं, पोरी."

"नाही लिहीत, काका. शप्पथ!"

पण त्या मेल्या सॉफ्टवेअरला रिमार्क्सचा कॉलम रिकामा चालायचाच नाही. काहीतरी भरल्याशिवाय सेव्हच होईना! डोक्यात गुहाच घोळत होती, तीच तिने टाइप केली. गुरुवारी पुसू म्हणून.

"मला विचारायचंस तरी!"

"कशाला? एक्सलंट वर्क म्हणून मेल आलाय. गुहेवरच खूश आहेत ते. नावांशी कोणाला काय करायचंय?"

"मग नावं कशाला गोळा करायला लावलीस?"

संजय हसला. "नावापासून सुरुवात केली की माणसं बाकीचं आपणहून सांगतात गं."

ती उठली ती तडक गाडी काढून काकांच्या दारात. भर दुपारी. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, संजयचं आणि स्वतःचंही. काका ओरडले नाहीत. ड्रॉवरमधून कॉलिंग कार्ड काढलं, मागचे आकडे चष्मा वर करून वाचले, फोन लावला. गावात फोन एकच, दुकानातला. लागायला सहा वेळा फिरवावा लागला. मग ते भराभरा बोलले, कुर्दीत. तिला एवढंच कळलं, कानीसार. ते तीनदा आलं.

फोन ठेवला. ती जायला वळली, तर त्यांनी हातानेच बसायला सांगितलं. दारात आलेल्या माणसाला तसंच पाठवायची त्यांची रीत नव्हती. चहा केला, पेला तिच्यापुढे ठेवला, साखरेचे खडे ठेवले.

स्वतःसाठी मात्र त्यांनी पेला काढला नाही. खिडकीपाशी जाऊन, तिचा चहा संपेपर्यंत उभे राहिले.