समोर राहायला गेलेल्या भिंगऱ्या

भिंगऱ्यांनी यंदा घर बदललं. चाळीस वर्षं माझ्या टोफूच्या दुकानाच्या वळचणीला घरटं बांधून फुकट राहिल्या, आणि जाताना साधा निरोपसुद्धा नाही. गेल्या कुठे, तर समोरच्या पावाच्या दुकानात. टोफू कापताना मान वर केली की थेट दर्शन घडावं, एवढी माझी सोय मात्र त्यांनी आठवणीनं पाहिली.

ते दुकान चिहारुचं. पोरगी ओसाकाहून आली आणि दीड वर्षात तिच्या दारात रांगा लागल्या. पावात चीज, पावात बटाटा, पावात शेवया. एकदा तर बाईसाहेबांनी पावात माझाच टोफू घातला, आणि तो माझ्यापेक्षा तिच्याकडे जास्त खपला. मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार, कप्पाळ?

आता माझी खरी पंचाईत सांगतो. नववर्षाला माझी लेक मिसुझु तोयामाहून आली होती. "बाबा, पुरे झालं आता," ती म्हणाली. "पहाटे चारला गार पाण्यात हात घालता, गुडघ्यांचे हाल बघा. दुकान बंद करा आणि आमच्याकडे चला." मी तोंडातला मोची, म्हणजे नववर्षाचा तांदळाचा चिकट गोळा, गिळला आणि ऐटीत म्हटलं, "ज्या वर्षी माझ्याकडे भिंगऱ्या येणार नाहीत, त्या वर्षी शटर ओढतो. शब्द!" आमच्याकडे भिंगऱ्या भरभराटीच्या घरात येतात असं सगळे मानतात. माझ्याकडे न चुकता येत होत्या. म्हणजे माझी भरभराट चालूच होती, नाही का?

एप्रिलमध्ये आल्या. माझ्या वळचणीचं जुनं घरटं पाहिलं, दोन घिरट्या घातल्या, आणि खोली पसंत न पडलेल्या भाडेकरूसारखं नाक मुरडून निघून गेल्या. मग मी कंबर कसली. भातखाचरातला चिखल आणला, घमेल्यात कालवला, त्यात पेंढ्याचे तुकडे घातले आणि दारात मांडून ठेवला. लेकीच्या लग्नात व्याह्यांची एवढी सरबराई केली नव्हती. आल्या की हो लगेच! चोची भरभरून चिखल उचलला आणि नेऊन चिहारुच्या दारावर थापला. चार दिवस माझ्याच हातांनी कालवलेल्या चिखलाचं घर समोर उभं राहत होतं. ऊन लागून चिखल सुकला की वर पाणीही मीच शिंपडत होतो. माझ्यासारखा शहाणा मीच.

मिसुझुचा फोन आला. "बाबा, आल्या का भिंगऱ्या?"

"आल्या."

"कुठे बांधलं घरटं?"

"गल्लीत."

लेक माझीच आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं हजर. दारात उभी राहून तिनं आधी माझी वळचण पाहिली, मग रस्त्यापलीकडे पाहिलं. "गल्लीत होय!" एवढंच म्हणाली. मी घाईघाईनं एक टोफू कापायला घेतला. तो कुणालाच नको होता.

तेवढ्यात चिहारु हातात झाडू घेऊन धावत आली. "काका, ही पाखरं घालवायची कशी हो? काल एका आजींच्या टोपीवर शिटली. खाण्याचं दुकान माझं, गिऱ्हाइकं कुरकुर करतात. एकदा अंडी घातली की कायद्यानं घरटं काढता येत नाही म्हणे, म्हणून आजच पाडते. आणि पाडलं की तुमच्याकडे परत येतील ना त्या? मग दोघांचंही काम होईल!"

मिसुझु माझ्याकडे बघत राहिली. देव असा आपण होऊन दारात येत नाही, आणि तोही झाडू घेऊन. मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

"नाही येणार," मी म्हटलं.

"का? चाळीस वर्षं होत्या ना?"

"त्यांना भरभराट-बिरभराट काही कळत नाही गं. त्या माणसांची ये-जा बघतात. दारात सारखी माणसं असली की कावळा फिरकत नाही. तुझ्या दारात दिवसभर रांग असते. घरट्याखाली वीतभर अंतरावर एक फळी ठोक, घाण तिच्यावर पडेल. हातोडी आहे का घरी? नसली तर माझी ने. पण ते घरटं पाडू नकोस. इथे आल्या तर पिल्लं जगायची नाहीत."

चिहारु हातोडी घेऊन गेली. झाडू माझ्याच दारात विसरली.

"बाबा," मिसुझु हळूच म्हणाली, "हे कावळ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी टोफूच्या टाकीत हात घातले. पाणी गार होतं, पण बाहेर काढावेसे वाटेनात.

"गेल्या जूनमध्ये कावळ्यानं माझ्याकडची पिल्लं नेली. पाचही."

"पहाटे, दुकान बंद असताना?"

"सकाळी अकराला. दुकान उघडं होतं. मी मागे सोयाबीन उकडत होतो. एका वेळी एकच पिल्लू नेता येतं त्याला. पाच खेपा घातल्या असतील, मिसुझु. आणि तेवढ्या वेळात दारात एक माणूस आलं नाही."

मी हात पुसले.

"चल, ये इकडे," मी म्हटलं. "हे शटर मला एकट्याला ओढवत नाही. दुसऱ्या बाजूनं तू धर."