नराच्या आईचं दूध

चाकसूच्या अलीकडे, मेंढ्यांच्या त्या आवारात सकाळपासून बायकांची ही गर्दी! जयपूरहून गाड्या करून आलेल्या. बहुतेकींना नुकतेच कुठे दिवस गेलेले. समोर पलटबाबा एक कोकरू उंच धरून गर्जत होता, "माँ ने मादी दी, मैंने नर बना दिया! कोख पलट दी!"

आणि खोटं म्हणावं तर कसं? बाबाच्या कळपात यंदा जन्मलेलं प्रत्येक कोकरू नर. औषधालाही मादी नाही. बायकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि धडाधड पायांवर डोकी टेकली.

ज्ञानदा मागे उभी राहून धुमसत होती. ती जनावरांची डॉक्टर. "नुसती गाडी चालवायला चल," म्हणून आईने, इंदुमतीबाईंनी, तिला मालवीय नगरहून आणलं होतं. खरा बेत इथे आल्यावर कळला. वहिनीला, कीर्तीला, दुसरा महिना सरत आला होता. पहिली मुलगी. आता बाबाचं भस्म तिला प्यायचं होतं, तेही नर व्यालेल्या मेंढीच्या दुधातून.

"आपल्याकडेही मुलग्यासाठी गोऱ्ह्याच्या आईचंच दूध देतात," आई म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"ताई, कोकरू खरंच नर झाला आहे ना?" कीर्तीच्या हातात भस्म कालवलेल्या दुधाची वाटी होती. "मतलब, औषध तर चालतं!"

"झालं म्हण गं, कोकरू झालं," आईने तेवढ्यातही जयपुरात वाढलेल्या सुनेचं मराठी सुधारलं.

सगळेच नर? हातचलाखी असती तर ज्ञानदाला हसू आलं असतं. पण एवढ्या कळपात एकही मादी नाही, म्हणजे या पिलांचं काहीतरी खरंच बदललेलं असणार.

"वहिनी, थांब. ओठाला लावू नकोस."

ती सरळ कळपात घुसली. बाबा ओरडला, "ए छोरी, हाथ मत लगा! सिद्धि टूट जाएगी!"

"टूटने दो," म्हणत तिने एक कोकरू धरून चाचपलं. वृषणाची थैली होती, पण रिकामी. दुसऱ्याचीही रिकामी. तिसऱ्याची भरलेली, म्हणजे ते खरंच नर. मग तिने मेंढ्यांच्या मानेवरची लोकर बाजूला सारली. खाली सुयांच्या गाठीच गाठी. गाडीतलं सोनोग्राफीचं छोटं यंत्र आणून तिने रिकाम्या थैलीच्या कोकराच्या पोटावर टेकवलं.

"आई, ये इकडे. ही काय दिसते?"

"काय ते?"

"पिशवी. गर्भाशय. बाहेरून नर, आतून मादी. मेंढी गाभण असताना सुरुवातीलाच पिलाचं बाहेरचं अंग घडतं. नेमकं तेव्हा तिला नराच्या संप्रेरकाच्या सुया टोचत राहिलं, की मादी पिलालाही नरासारखं लिंग येतं. आतली पिशवी तशीच राहते. बिचारी कधी विणार नाहीत. ज्या दुधासाठी तू इतक्या लांब आलीस ना, ते मुलीच्याच आईचं आहे!"

बाबाला 'सुया' तेवढं कळलं; तो गोड हसला. "भस्म में सुई कहाँ है, बेटी? जड़ी-बूटी है."

"नुसती राख असेल तर तुम्ही थापाडे. आणि त्यात तेच औषध असेल तर..." ज्ञानदाने कीर्तीच्या वाटीकडे पाहिलं. "तर माझ्या वहिनीच्या पोटात मुलगी असली, तर तिचंही असंच होऊ शकतं."

आईने कीर्तीच्या हातातली वाटी हिसकावून रेतीत ओतली.

ज्ञानदा बायकांकडे वळली आणि तेच सगळं हिंदीतून कळवळून सांगून म्हणाली, "मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरतं, आणि तेही पुरुषाच्या बीजावरून. पुढे ते कुणालाच पालटता येत नाही. बिघडवता मात्र येतं. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे झालं कसं?"

मग पुढच्याच रांगेतून एक पोरसवदा बाई उठली. तिच्या हातातली वाटी रिकामी होती.

"मैं तो कब से पी रही हूँ, दीदी. मेरे बच्चे को कुछ होगा?"

धीर द्यायला ज्ञानदाला खोटं बोलता आलं असतं. त्या आवारात सकाळपासून तेच चाललं होतं.

"पता नहीं," ती म्हणाली. "बचा हुआ भस्म जाँच के लिए ले लो और गाड़ी में बैठो. पहले अस्पताल चलते हैं."