चढणाऱ्यांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि माझे चारही पाय सारख्या उंचीचे नाहीत. हसू नका. उतारावर ताठ उभं राहायचं तर पाय लहानमोठे असावेच लागतात. माझ्या सुताराला हे ठाऊक होतं. त्याने माझे खालच्या अंगाचे पाय लांब ठेवले आणि वरच्या अंगाचे आखूड. त्यामुळे गल्ली कितीही तिरकी असली तरी माझ्यावर ठेवलेलं लिंबू घरंगळत नसे.

आमची गल्ली म्हणजे भल्याभल्यांचा घाम काढणारी चढण. खाली बाजार, वर वस्ती आणि मध्यावर सुताराचं घर. बाजारातून ओझी घेऊन येणारी माणसं दमून त्याच्या उंबऱ्यावरच बसकण मारत. त्याला दार उघडायची सोय राहिली नव्हती. तो वैतागला; पण वैतागून त्याने कुणाला हाकललं नाही. एका मोडक्या दाराची जाड लाकडं घेतली, त्यांना रंधा मारला आणि मला घडवलं. खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून त्याने मला बसवलं. समोरच्या दोन घरांच्या फटीतून खालचं निळं तळं दिसे.

माझा एकच नियम होता. बाक चढणाऱ्याचा. उतरणारा माझ्यावर बसत नसे, कारण उतरणाऱ्याला कसला आलाय दम! ही गोष्ट कुणी पाटीवर लिहिली नव्हती. आईचं बघून लेकरू शिके, सासूचं बघून सून शिके.

माणसाची पारख मला वजनावरून होते. दूधवाला धपकन बसे आणि तसाच उठे. टपालवाला नुसता कडेला टेकत असे, जणू मी त्याला चावणार आहे. वस्तीच्या टोकाला राहणारी शिंपीणमावशी मात्र दोन हप्त्यांत बसे. आधी हात टेकायचा, मग देह. तिचं हृदय अशक्त होतं. मध्ये विसावा घेतल्याशिवाय चढू नका, अशी डॉक्टरांनी तिला ताकीद दिली होती. तो विसावा म्हणजे मी. मी होतो म्हणून तिला वर स्वतःच्या घरात राहता येत होतं.

सुतार गेला. घर त्याच्या मुलीकडे आलं. तिला सगळी गल्ली ताई म्हणते. माझ्या मागच्या खिडकीत उभी राहून ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. तिचा नवरा नळदुरुस्ती करतो. त्याचे केस पांढरे झाले तरी गल्लीने त्याला जावईबापूच ठेवलंय.

पुढे टेकडीच्या माथ्यावरून तळं पाहायला देशोदेशीचे पर्यटक येऊ लागले. बस त्यांना माथ्यावर सोडी आणि पायथ्याशी पुन्हा उचली. म्हणजे ही सगळी मंडळी उतरणारी! तरी ती माझ्यावर बसू लागली. सुरुवातीला मलाही बरं वाटलं. माझे फोटो दूरदूरच्या देशांत जाणार म्हटल्यावर कोणता बाक खूश होणार नाही?

पण फोटो काढून माणसं उठेनात. कुणी बुटांसकट माझ्यावर उभं राही. कुणी आइस्क्रीमचे चिकट हात माझ्या पाठीला पुसे. एका बाईने ताईच्या खिडकीत डोकं घालून इस्त्रीच्या कपड्यांचे फोटो घेतले, आणि त्यात शेजारच्या आजोबांच्या अंतर्वस्त्रांचाही मान राहिला. सगळेच तसे नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. काही जण हळूच बसत आणि जाताना खालचा कागद उचलत. पण जे तसे होते, त्यांना वाटे की ही गल्ली त्यांच्यासाठीच मांडून ठेवली आहे आणि आत राहणारी माणसं म्हणजे तिची सजावट आहे.

एका दुपारी शिंपीणमावशी कापडाचा गठ्ठा घेऊन चढत आली. माझ्यावर एक अख्खं कुटुंब पसरलं होतं. पिशव्यांनाही जागा दिली होती. मावशी समोर उभी राहिली. तिला बोलण्याइतका श्वास नव्हता, म्हणून तिने हात पुढे करून जागा मागितली. तर त्यातल्या पुरुषाने त्या हातात आपला फोन ठेवला! ही बाई आपला फोटो काढायला थांबली आहे, असा त्याचा समज झाला. सगळे दाटीवाटीने बसले आणि हसले.

आणि मावशीने फोटो काढला. परक्या माणसाला नाही म्हणायचं तिला सुचलंच नाही. त्याने खूण केली की फोन आडवा धरून अजून एक काढा. तिने फोन आडवा केला आणि ती स्वतःच खाली कोसळली.

ताई इस्त्री टाकून धावली. तिने मावशीचं डोकं मांडीवर घेतलं. कुटुंबातली मुलगी रडू लागली, तिची आई पाण्याची बाटली घेऊन वाकली. तो पुरुष मात्र आधी फोनची काच तडकली का ते पाहत होता. मी लाकडाचा आहे, पण त्या दिवशी लाकूड कोण, असा प्रश्न मला पडला.

मावशी वाचली. दवाखान्यातून ती परतली ती तिच्या भाच्याचा हात धरून. त्याने तिला माझ्यावर बसवलं आणि विषय काढला. तो पोरगा वाईट नाही. त्याचं घर खाली, सपाटीला आहे. मावशीने कायमचं तिथे यावं, असं त्याचं म्हणणं होतं.

"आमच्याकडे लिफ्ट आहे, मावशी."

"लिफ्ट तुझ्याकडे आहे, पण गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत," मावशी म्हणाली. "आणि माझं मशीन कुठे ठेवशील? लिफ्टमध्ये?"

भाचा ऐकेना. रोज बसायलाच मिळणार नसेल तर ती चढणार कशी, हा त्याचा प्रश्न रास्त होता. जावईबापू म्हणाले की ते मला परसात नेऊन ठेवतील आणि वर कुंड्या मांडतील, म्हणजे गर्दी थांबेल. नाहीतर साखळी लावतील.

"साखळी कोणाला लावणार?" ताईने विचारलं. "बाकाला की मावशीला?"

ताई खिडकीतून बाहेर वाकली. मग तिने एक साधा प्रश्न विचारला.

"मावशी, तुम्ही इथे बसता तेव्हा तळं बघता का हो?"

"कसलं तळं! डोळे मिटून बसते गं मी. जीव ठिकाणावर आला की उठते."

"मग झालं तर," ताई म्हणाली. "ह्याचं तोंड भिंतीकडे करू."

मला तर धक्काच बसला. पण खरी अडचण पायांची होती. मला उलटं फिरवलं की लांब पाय वरच्या अंगाला येणार आणि मी खाली कलंडणार. म्हणजे लांब पाय कापायलाच हवेत. जावईबापू करवत घेऊन बसले, पण त्यांचा हात चालेना. सासऱ्यांनी एवढ्या मापात केलेलं काम आपण बिघडवायचं, हे त्यांना पटत नव्हतं. ताईने करवत त्यांच्या हातून घेतली आणि स्वतः माझे पाय कापले. आखूड पायांखाली फरशीचे तुकडे दिले. मग माझ्यावर बसून दोन्हीकडे झुकून पाहिलं. मी हललो नाही.

आता माझी पाठ तळ्याकडे असते. पर्यटक येतात, बुचकळ्यात पडतात, एखादा फोटो काढतात आणि उतरून जातात. भिंत बघत कोण बसणार? एकाने माझ्या पाठीवर चढून बसायचा बेत केला होता. मी किंचित डुललो, आणि तो समजूतदारपणे उतरला. चढणाऱ्यांना मात्र काही फरक पडला नाही. दमलेल्या माणसाला टेकायला जागा लागते, देखावा लागत नाही.

शिंपीणमावशी अजून वरच राहते. भाचा तिचं सामान घेऊन येतो आणि आधी स्वतःच माझ्यावर धापा टाकत बसतो, तेव्हा मावशी त्याच्याकडे लिफ्टची चौकशी करते. आता ती खिडकीसमोर बसते, त्यामुळे ताईशी तिच्या गप्पाही होतात. मला तळ्याची आठवण येते. येत नाही असं मी म्हणणार नाही. पण मी कशासाठी आहे याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

परवाच एक परदेशी बाई चढत आली. माथ्यावर तिचं काहीतरी राहिलं असावं. चेहरा लालबुंद, श्वास तुटलेला. ती भिंतीकडे तोंड करून धपकन बसली. थोड्या वेळाने मागून मावशी आली. बाईने वळून तिच्याकडे पाहिलं आणि लगबगीने उठायला लागली. मावशीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं, स्वतः दोन हप्त्यांत शेजारी बसली, आणि दोघींनी मिळून भिंत पाहिली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही दूरच्या देशांत जाल. पाय दुखले की वाटेतल्या बाकावर खुशाल बसा. आम्ही त्यासाठीच उन्हापावसात उभे असतो. फक्त बसण्याआधी एकदा उताराकडे नजर टाका, कुणी चढत येतंय का.