धोंडाच्या छातीतली नळी

सत्यवतीच्या तोंडाला लागायची वाड्यात कुणाची टाप नव्हती. त्या सकाळी ती तरातरा तळ्याकडे येताना दिसली तेव्हा धोंडसुद्धा मुकाट्यानं बाजूला झाले. शिरगावची जत्रा तोंडावर आलेली. लईराई देवीचं व्रत धरून निखाऱ्यांतून चालणारे हे धोंड तळ्याकाठच्या मांडवात राहत, न्हाऊन सोवळ्यानं जेवत. तिचा नवरा गुरुदास त्यांच्यातलाच. पण त्याची मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिससाठी छातीत नळी बसवलेली आणि ती भिजवायची नव्हती. आता डायलिसिस हाताच्या शिरेतून होत होतं, नळीची गरज उरली नव्हती. नळी काढायला इस्पितळानं तारीखही दिली होती, पण जत्रेनंतरची. आणि न्हाल्याशिवाय धोंड कसला?

मांडवात गुरुदास खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याचा धाकटा भाऊ शंभू नळीला हिसके देत होता.

"हात काढ, मेल्या!"

"वयनी, गळ्यातली पयली नळी नर्सनं अशीच ओढून काढली नाय? हीच तेवढी अडली."

"तुझी जीभ ओढते, मग बघ कशी अडते ती!"

नळीच्या तोंडाशी रक्त आलं होतं. सत्यवतीनं शंभूला ढकललं, नवऱ्याला आडवं केलं, पदराचा बोळा दाबून धरला आणि शंभूलाच गाडी आणायला पिटाळलं. वाटभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. भ्यायली की ती शिव्याच देई, आणि आज ती मरणाची भ्यायली होती.

इस्पितळात डॉक्टर भडकले. ही नळी पहिलीसारखी नव्हे. हिच्यावर कातडीखाली एक पट्टी असते, मांस तिला घट्ट धरून बसतं. ओढली तर तुटेल. आणि बसल्या माणसाच्या शिरेत हवा शिरली तर तो बसल्या जागी जाईल.

"अक्कल आहे की नाही तुम्हा लोकांना?"

"आमची शेण खायला गेली होती, कबूल!" सत्यवती कडाडली. "पण तुमची? पहिली नळी आमच्यादेखत ओढलीत. ही तशी नाही, हे सांगायच्या वेळी मूग गिळून बसलात?"

डॉक्टरांनी गुरुदासला निजवून डोकं खाली केलं, जागा बधिर केली, बारीक चीर देऊन पट्टी सोडवली. मग श्वास रोखायला सांगून नळी अलगद काढली आणि मानेपाशी, जिथं ती शिरेत शिरली होती तिथं, बराच वेळ दाबून धरलं. आता उठायचं नाही, जखम भरेपर्यंत न्हायचं नाही, हे या वेळी त्यांनी तिला दोनदा सांगितलं.

"व्रत मोडलं गो," गुरुदास पुटपुटला. "देवीक काय सांगू?"

"देवीला?" सत्यवती उसळली. "दर वर्षी निखाऱ्यांतून ती तुम्हाला जिवंत बाहेर काढते, ती काय खुर्चीत बसून भावाच्या हातून मरायला?"

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. गुरुदास उठायला गेला, तर रडता रडताच तिनं त्याला खाली दाबलं.