आतल्या खोलीतली बाज

मी केनवड गावच्या देवमनची बाज बोलते आहे. बाभळीचे चार खूर आणि अंबाडीची दोरी, एवढंच माझं अंग. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली देवमननं मला स्वतःच्या हातानं विणलं. विणताना तो गात होता. विहारात वंदना झाली की भीमगीतं म्हणायला लोक त्यालाच पुढं बसवत. तेव्हा माझी जागा अंगणात होती. संध्याकाळी माझ्यावर चार माणसं टेकायची, पाचवा आला की माझी दोरी कुरकुरायची.

मग देवमनच्या गालात आतून फोड आला. फोडाची जखम झाली, जबडा सुजला. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या मुलाला, शेषरावला, बाजूला नेऊन कॅन्सर असल्याचं सांगितलं. आता इलाज नाही, घरी न्या, म्हणाले. त्याच आठवड्यात शेषरावनं मला तिरपी करून आतल्या खोलीत घातलं, बापाला माझ्यावर निजवलं आणि दार ओढून घेतलं.

पोरगा वाईट नव्हता. जखमेला वास सुटला होता. भेटायला आलेल्यांनी नाकाला पदर लावला, ते त्याच्यानं पाहवलं नाही. तो माणसांना अंगणातूनच परत लावू लागला. बापाला म्हणायचा, दिवाळीपर्यंत बरे व्हाल. मायला त्यानं बजावलं होतं, कॅन्सरचं नाव काढायचं नाही.

देवमनची बायको भागिरथा त्या खोलीतच अडकली. शेताचं काम सुटलं, शेजारणींशी बोलणं सुटलं. पाणी भरायला जायची तेवढीच बाहेर. खोलीत तीन माणसं, तिघांनाही सारं ठाऊक, आणि कुणी बोलायचं नाही. देवमन भिंतीकडं तोंड करून रडायचा, ते माझ्या दोरीला कळायचं. भागिरथा रडायला चुलीपाशी जायची; धुराचं निमित्त असायचं.

शेषराव वाटीनं बापाच्या तोंडात दूध ओतायचा. देवमन मान फिरवायचा, ठसकायचा, दूध माझ्या विणीत मुरायचं. खाल्लं नाही तर ताकद कशी येईल, असं म्हणत पोरगा वाटी पुन्हा भरायचा. एकदा देवमननं दाराकडं बोट केलं. शेषराव म्हणाला, बाज दारातून निघत नाही. हे खोटं होतं. मी आत आले होते तशीच तिरपी होऊन निघाले असते. पण मला वाचा नव्हती, आणि माझ्यावरच्या माणसाची सरत चालली होती.

सरकारी दवाखान्यातल्या नर्स दुर्गाबाई लसी टोचायला गावात आल्या, तेव्हा भागिरथानं त्यांना विहिरीपाशी गाठलं. त्या लगेच आल्या. जखम कोमट पाण्यानं कशी धुवायची, कूस कशी बदलायची, टाचांखाली जुनं लुगडं कसं घालायचं, ते त्यांनी मायलेकरांना करून दाखवलं. दुखणं उतरायच्या गोळ्या पाण्यात विरघळवून दिल्या. मग त्यांनी शेषरावच्या हातातली वाटी काढून घेतली.

"उपाशी नाही रे तो, बाबू. आंगच आता मागत नाही. ओठ ओले ठेव, बस."

मग त्या माझ्या कडेला बसल्या आणि देवमनला म्हणाल्या, "दादा, काही इचाराचं हाये काय?"

देवमन बायकोकडं वळला. तुटक शब्दांत म्हणाला, "मी जाऊन राह्यलो ना?"

शेषराव मध्ये बोलणार होता. भागिरथानं त्याचा हात दाबला.

"हो," ती म्हणाली. "पन आमी जवळ आहो."

देवमन रडला नाही. किती दिवस आवळून धरलेलं अंग त्यानं माझ्यावर सोडून दिलं. "मले लोकायत न्या," एवढंच बोलला.

शेषरावनं बापाला लेकरासारखं उचललं. मला तिरपी करून दारातून काढलं. अंगणात फार माणसं आली नाहीत. देवमनच्या मागं साथीला गाणारे माणिकराव आले. आधी त्यांनीही नाकावर हात धरला, मग खाली घेतला. भीमगीत म्हणू का, असं त्यांनी विचारलं. देवमननं मान हलवली. माणिकरावांचा आवाज मध्येच फाटला, तरी ते थांबले नाहीत. देवमनचं बोट माझ्या लाकडावर ठेका धरत होतं. शेषराव घरामागं जाऊन उभा राहिला होता. बऱ्याच वेळानं तो आला आणि बापाच्या पायाशी बसला.

पुढचे दिवस काही सोपे नव्हते. दुखणं उसळायचं. काही सोयरे शेवटपर्यंत फिरकले नाहीत. पण आता रडायचं तर तिघं एका जागी रडत. एका सकाळी भागिरथाचा हात मानेखाली असतानाच देवमन गेला.

सगळं पार पडल्यावर भागिरथानं मला पुन्हा आतल्या खोलीत नेलं. माझ्या शेजारी ती भुईवर पडून राही, झोपेतही कूस बदलून द्यायला हात पुढं करी. आता दार तीच लावून घ्यायची.

काही आठवड्यांनी दुर्गाबाई आल्या.

"आता कोनाले पाहाले आल्या, बाई?" भागिरथा म्हणाली. "मानूस तं गेला."

"तुमाले," दुर्गाबाई म्हणाल्या.

तेव्हा भागिरथा माझ्यावर टेकली, आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. दुर्गाबाई तिच्या शेजारी बसून राहिल्या.

आज मी गोठ्यात भिंतीला उभी आहे. माझी डागाळलेली दोरी शेषरावनं कापून टाकली. नवी विणायला त्याचा हात धजत नाही. तुमच्या घरी कुणी असं निजलं असेल, तर मला विणून न्या. आणि त्याला काय हवं ते माझ्या कडेला बसून त्यालाच विचारा.