छतावरचं कोडं

सून पैज जिंकली आणि सासऱ्यांची डावीकडची दाढ गेली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. शनिवारी सकाळी दाढ जागच्या जागी होती, किंचित हलत होती, आणि तिचे मालक दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली पायावर पाय टाकून ऐटीत बसले होते.

सून दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत माणूस आडवा झाला की त्याला छताशिवाय काही दिसत नाही, आणि छतासारखं निर्बुद्ध दृश्य दुसरं नाही. म्हणून ती दर आठवड्याला रविवारच्या पुरवणीतलं गूढ शब्दकोडं मोठ्या कागदावर उतरवून खुर्चीच्या बरोबर वर चिकटवायची. दुखलं तर डावा हात वर करायचा, उत्तर सुचलं तर उजवा. उजवा वर गेला की ती यंत्र थांबवायची, तोंडातला कापूस काढायची, आणि सिस्टर स्टुलावर चढून अक्षरं भरायची. 'आ वासा, देवाचं नाव घ्या, बरं वाटेल' याचं उत्तर 'आराम' हे ज्या बाईंनी दिलं, त्यांची त्याच वेळी अक्कलदाढ निघत होती. दाढ निघाल्याचं त्यांना घरी गेल्यावर कळलं.

डॉक्टरला एकटीला जन्मात एक कोडं पुरं सुटलं नव्हतं, आणि तिच्याकडे कुणी कधी आपणहून आलं नव्हतं. छतावरच्या कागदाने दोन्ही दुखणी बरी केली. एका गृहस्थांचे दात ठणठणीत होते, तरी ते दर आठवड्याला तपासून घेत.

सासरे आयुष्यभर सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. ते कोडं एकटे सोडवत, रविवारी, दाराला कडी लावून.

"मदत घेऊन सोडवलेलं कोडं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," ते म्हणत. दाढ हलायला लागल्यापासून ही उपमा त्यांना जरा जड जात होती, पण तत्त्व ते तत्त्व. त्या दाढेला सुनेने हात लावू नये, हेही एक तत्त्वच होतं.

पैज त्यांनीच लावली. "शनिवारी दवाखाना बंद होईपर्यंत तुझ्या त्या जत्रेने कोडं पुरं केलं, तर मी मुकाट खुर्चीत बसेन. नाही केलं, तर कागद उतरवायचा. कायमचा."

"चालेल, बाबा," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे तिला जरा वेळाने कळलं.

शनिवारी दुपार कलली तेव्हा एकच शब्द उरला होता. 'एकच कारस्थान दोनदा रचलं, डोकं उठलं.' अक्षरं चार, पहिलं 'ब', शेवटचं 'ट'. बाहेर बसलेल्या एका वकीलबाईंनी 'बनावट' सुचवलं. कारस्थानाशी जुळत होतं, पण दोनदाचं काय, याला त्यांच्याकडे पुरावा नव्हता. दुसऱ्या कुणी 'बळकट' म्हटलं आणि मग स्वतःच माफी मागितली. सासरे घड्याळाकडे बघून हसले. हसताना दाढ हलली, म्हणून लगेच थांबले.

मग दाढेवर टोपी बसवून घ्यायला रंगारी आला. छतं बघण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, पण हे छत बघून तो कसनुसा झाला.

"डॉक्टर, एक बोलू? रागावू नका."

"दुखतंय का?"

"आज नाही. मंगळवारी दुखत होतं."

"मग?"

"ते वर लिहिलंय ना, 'बशीत'. ते माझं उत्तर नाही. दुखलं म्हणून हात वर केला, तो चुकून उजवा गेला. तुम्ही सगळं बंद करून म्हणालात, बोला. सिस्टर खडू घेतल्यासारखा पेन घेऊन स्टुलावर उभ्या. एवढी माणसं तयारीत असताना नुसतं 'आई गं' कसं म्हणायचं? तोंडाला आलं ते दिलं."

"आणि कोड्यातल्या पगाराचं काय विचारलं, तर म्हणालात, सांडला," सिस्टर म्हणाली.

"सांडतोच की, ताई."

"तुमच्या डोळ्यांत पाणी होतं," डॉक्टर म्हणाली. "मला वाटलं, केवढी खात्री या माणसाची."

तिने दार उघडलं. "मंडळी, 'चहा ओतायचा तिथेच पगार घटतो'. बशीत नाही."

"कपात," बाहेरच्या सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

"हे आम्ही मंगळवारपासून म्हणतोय," वकीलबाई म्हणाल्या. "सिस्टरच म्हणाल्या, खुर्चीतल्याचा शब्द अंतिम."

'ब' गेला, 'क' आला; अडलेला शब्दही त्याच घरापासून सुरू होत होता. डॉक्टरने रंगाऱ्याच्या गालात कापूस कोंबला आणि टोपी हातात घेतली, तोच त्याचा हात वर गेला.

"कुठला हात हा?"

"उजवा," सिस्टर म्हणाली. "पण यांचा उजवा धरायचा का?"

डॉक्टरने कापूस काढला. "नीट आठवून सांगा. उत्तर आहे की दुखतंय?"

"कट म्हणजे कारस्थान. दोनदा कट." रंगाऱ्याने छताकडे बोट केलं. "कटकट."

सगळ्यांनी दारातून सासऱ्यांकडे पाहिलं, कारण हा माणूस घरात एक वेळ खोटं बोलेल, पण अक्षराच्या बाबतीत नाही. त्यांचा हात आपोआप डाव्या गालावर गेला.

मग जो गलका झाला, तो शेजारच्या चाव्यावाल्याने दुकान बंद करून येऊन ऐकला. ज्यांचा अर्धा जबडा बधिर होता ते अर्ध्या तोंडाने ओरडले. एकाने दोन्ही हात वर केले. त्याचा अर्थ नियमात नव्हता. वकीलबाईंनी रंगाऱ्याला निर्दोष सोडलं. डॉक्टर छताकडे बघत राहिली. एकही घर रिकामं नव्हतं, आणि त्यातलं एकही तिने भरलं नव्हतं. इतकं आपलं तिला आजवर काहीच वाटलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "या."

सासरे शब्दाचे पक्के. उठले, चष्मा सरळ केला, आडवे झाले आणि लगेच डावा हात वर केला.

"अजून मी हात लावलेला नाही."

"आगाऊ आहे हा." मग छत वाचून झाल्यावर ते छापखान्यातल्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, लिहून घ्या. विषय, दाढ. महोदया, सदर दाढ अर्जदाराच्या ताब्यात बालपणापासून असून तिच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार दाखल नाही. तथापि अर्जदार पैज हरला असल्याने दाढ काढण्यास त्याची हरकत नाही. सबब नम्र विनंती की, दाढ नियमानुसार काढण्यात यावी, मात्र काढल्यानंतरही ती पुढील आदेश होईपर्यंत आहे तिथेच ठेवण्यात यावी."