मनगटाच्या वरचं
छापखानेवाल्या मित्राचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. "तुझ्या फोटोतले हात माझ्या मशीनवर आलेत," तो म्हणाला. "हाताच्या क्रीमची जाहिरात आहे. विकलास की काय?"

मी विकला नव्हता. म्हणजे त्या फोटोच्या प्रती विकल्या होत्या, गॅलरीतून, लोकांनी भिंतीवर लावायला. प्रत विकणं वेगळं आणि फोटो छापायचा हक्क विकणं वेगळं, हे गॅलरीवाल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण कॅटलॉगसाठी म्हणून त्याने मोठी फाइल मागितली आणि मी दीडशहाणीने ती नुसत्या शब्दावर दिली. त्याच्याकडे फोटोखाली नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, गिऱ्हाइकाने थेट फोटोवाल्याकडे जाऊ नये म्हणून. सगळा व्यवहार तोंडी. मलाही ते चालत होतं, कारण पैसे वेळेवर यायचे. मित्राने सांगितलं, मशीनवर आला तो नुसता नमुना होता; आता क्रीम कंपनीची वकीलबाई गॅलरीवाल्याकडे सही घ्यायला येणार होती, आणि सही झाली की पोस्टरं छापायला घेणार होते.

फोटोत दोन हात ओली चादर पिळताहेत. मनगटापर्यंतच दिसतात. ते माझ्या ताईचे. ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. फोटो काढला त्या दिवशी भावोजींनी तिला मारलं होतं. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. "काढ," ती म्हणाली होती, "पण तोंड कुणाला दिसता कामा नये." म्हणून मी मनगटाच्या वरचं सगळं कापलं. भावोजी आता नाहीत. भाच्याच्या लेखी त्याचा बाप देवमाणूस होता, आणि ताईने ती समजूत जिवापाड जपली आहे.

हात तिचे, म्हणून तिला सोबत घेतलं. निघताना रागाच्या भरात कपाटातलं एक पाकीट पर्समध्ये कोंबलं. तिला ते सांगितलं नाही.

गॅलरीच्या मागच्या खोलीत गॅलरीवाला आणि वकीलबाई बसले होते, आणि टेबलावर पोस्टरचा नमुना पसरलेला होता. एका बाजूला कुणाचे तरी लोण्यासारखे हात, दुसऱ्या बाजूला ताईचे, चिरा पडलेले. तिच्या हातांखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वापरण्यापूर्वी'.

ताई खुदकन हसली. "आधी सांगायचं तरी, नखं कापून आले असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा फोटो माझा आहे," मी वकीलबाईला म्हटलं. "याला तो विकायचा काही अधिकार नाही."

गॅलरीवाल्याने माझ्याकडे अशा मायेने पाहिलं, जशी मी त्याची आजारी भाची. "मॅडम आमच्याकडे प्रिंट काढून द्यायच्या. हा फोटो माझ्या जावयाने काढलाय."

"कुठला जावई?" ताई म्हणाली. "हात माझे आहेत. समोर ही माझी बहीण उभी होती."

वकीलबाई वाईट नव्हती. "तुम्ही सख्खी बहीण," ती म्हणाली. "बहीण बहिणीच्याच बाजूने बोलणार. दुसरं काही आहे का?"

"निगेटिव्ह आहे माझ्याकडे!" मी ओरडले. "अख्खा फोटो आहे, न कापलेला!"

माझी जीभ अशीच आहे, डोक्याला विचारत नाही.

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "मग प्रश्नच मिटला. दाखवा."

पर्स माझ्या मांडीवर होती. मी ती दोन्ही हातांनी धरून बसले.

"दाखवता येणार नाही," मी म्हटलं.

गॅलरीवाला हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"तसं असेल तर मला यांच्या शब्दावर जावं लागेल," वकीलबाई म्हणाली आणि तिने करार त्याच्यापुढे सरकवला. त्याने पेन उचललं. आता तो फोटो कायमचा त्याच्या जावयाचा होणार होता, आणि ताईचे हात गावभर 'वापरण्यापूर्वी' म्हणून लटकणार होते. मला रडू येत होतं, आणि त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं.

ताईने माझ्या पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणलंयस ना?"

मी पर्स आणखी जवळ ओढली.

"दे."

"नको ताई. पोराला कळलं तर..."

"पोरगा इथे नाहीये. दे म्हटलं ना."

तिने पाकिटातून छोटी प्रत आणि निगेटिव्हची पट्टी काढली आणि स्वतः न बघता वकीलबाईसमोर ठेवली. तीच चादर, तोच पीळ, तेच हात, आणि वर ताईचा चेहरा. वकीलबाईने पट्टी उजेडात धरून पाहिली. मग तिने ताईकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घेतली. करार तिने मागे ओढून घेतला.

"सही होणार नाही," ती गॅलरीवाल्याला म्हणाली. "पुढचं आमच्या ऑफिसातून कळेल तुम्हाला."

मी सुटकेचा श्वास टाकला. गॅलरीवाला मात्र ओशाळला नव्हता. तो वाकून फोटोच पाहत होता.

"अहो, हा कापलात कशाला?" तो म्हणाला. "हाच लावायचा होता! याच्यापुढे ते हात काहीच नाहीत." आणि त्याने खिशातून मोबाइल काढला.

ताईने फोटोवर धाडकन पंजा ठेवला.

शिवी माझ्या ओठावर आली होती, पण बाहेर पडली नाही. तिचा पंजा पडायच्या आधी मीही पाहिलं होतं. सुजलेल्या गालावर खिडकीतला उजेड, मिटलेला डोळा, आणि त्याच्याखाली चादरीला घातलेला तो सगळा जोर. तो हरामखोर खरं बोलत होता. फोटो धुतला त्या दिवसापासून मला ते माहीत होतं.

ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तुलाही तसंच वाटतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण ताईपुढे ते मला कधी जमलेलं नाही.

"हो," मी म्हटलं.

तिने प्रत आणि पट्टी उचलली. "याच्यावर हक्क कुणाचा?" तिने वकीलबाईला विचारलं.

"कायद्याने तुमच्या बहिणीचा."

ताईने मान हलवली आणि ते दोन्ही माझ्यापुढे धरलं. "मग घे."

माझा हात उचलेना. "तू ठेव, ताई," मी म्हटलं. "तुझंच आहे ते."

तिने ते घडी पडणार नाही असं जपून पिशवीत ठेवलं आणि उठली. जिन्यात मी तिला हाक मारली. तिला ऐकू गेलं होतं, पण ती थांबली नाही.